आधी पाना तपासा, मग हेड आवळा

गाळप हंगाम सुरू झाला की शिरूर-दौंडच्या गॅरेजांत एक काम हटकून वाढतं. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं हेड गॅसकेट जातं. रेडिएटरच्या जाळीत पाचट आणि धूळ बसते, इंजिन तापतं, हेड वाकतं. मग रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात, ऑइल दुधाळ होतं. नवं गॅसकेट टाकलं तरी काही ट्रॅक्टर महिन्याभरात परत येतात आणि दोष गॅसकेटच्या मालावर जातो. अशा वेळी टॉर्क पाना तपासायचं बहुतेकांना सुचत नाही. तो मोजमापाचं साधन आहे. तपासल्याशिवाय त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये.

कट् असा आवाज देणारा पाना गॅरेजमध्येच पडताळता येतो. त्यासाठी मजबूत व्हाइस, बारीक दोरी आणि वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं २० किलोचं वजन लागतं. असं वजन बाजारातल्या एखाद्या अडत्याकडे मिळून जाईल. ओळखीच्या गोणीचं वजन चालणार नाही.

पाना बरेच दिवस पेटीत पडून असेल तर मोठ्या आकड्यावर लावून चार-पाच वेळा वाजवून घ्या, आतलं वंगण पसरतं. पान्याचा चौकोन व्हाइसमध्ये असा धरा की दांडा जमिनीला समांतर राहील. चौकोनाच्या मध्यापासून मुठीच्या मधल्या खुणेपर्यंतचं अंतर मोजा आणि दोरी बरोबर त्या खुणेवर बांधा. दोरी दोन बोटं इकडेतिकडे झाली तरी उत्तर बदलतं. अंतर ५० सेंटिमीटर असेल तर २० किलोचा टॉर्क साधारण ९८ न्यूटन-मीटर होतो. त्यात पान्याचं स्वतःचं वजनही धरायचं, हे बरेच जण विसरतात. पाना बोटावर तोलून त्याचा तोल कुठे साधतो ते बघा. दीड किलोचा पाना चौकोनापासून २० सेंटिमीटरवर तोलत असेल तर आणखी ३ न्यूटन-मीटर. एकूण झाले १०१.

आता पाना ९२ वर लावा, वजन हाताने धरून सावकाश सोडा. आवाज यायला हवा. वजन उचला, आकडा दोनने वाढवा, पुन्हा सोडा. आकडा नेहमी खालून वरच न्यायचा, वरून खाली आणलेल्या आकड्यात स्प्रिंगची ढिलाई राहते. ज्या आकड्यावर शेवटचा आवाज आला तो लिहून ठेवा आणि सगळं तीनदा करा. आयएसओ ६७८९ या मानकात १० न्यूटन-मीटरच्या वरच्या अशा पान्याला ४ टक्क्यांची सूट आहे. म्हणजे इथे शेवटचा आवाज ९७ ते १०५ च्या दरम्यान आला तर पाना कामाचा. त्याबाहेर गेला, किंवा तीन वेळा तीन वेगळी उत्तरं आली, तर बाजूला ठेवा.

ही पडताळणी झाली, कॅलिब्रेशन नव्हे. एका वजनावर भरवसा ठेवून आतला स्क्रू फिरवू नका. प्रयोगशाळेत पाना कमाल क्षमतेच्या २०, ६० आणि १०० टक्क्यांवर तपासतात. एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळा भोसरी-चिंचवडकडे आहेत, शिरूरहून एका दिवसाचं काम. दुसरा काही नियम ठरलेला नसेल तर १२ महिने किंवा ५,००० वेळा वापर, यातलं जे आधी येईल तेव्हा पाना तिकडे न्यावा. काँक्रीटवर पडला तर लगेच. हंगामाआधी, दसऱ्याच्या सुमारास नेलेला उत्तम.

आता हेड. बोल्ट इंजिन थंड असतानाच, बाहेरून आत, थोडे थोडे सैल करा, आणि त्यासाठी साधा पाना वापरा. टॉर्क पान्याने बोल्ट सोडवू नये. हेड आणि ब्लॉकची तोंडं साफ करून सरळ पट्टी आणि फिलर गेजने वाक बघा. मर्यादा कंपनीच्या पुस्तकातली धरा. सुटे लायनर असतील तर त्यांची उंचीही मोजा. बोल्टच्या भोकांतलं पाणी आणि ऑइल हवेने उडवा. तळ बंद असलेल्या भोकात ऑइल साचलं तर बोल्ट त्यालाच दाबतो. आवाज येतो, हेड मात्र दबत नाही, आणि ब्लॉकला तडाही जाऊ शकतो.

सगळ्यात जपायची गोष्ट आट्यांची. लावलेल्या टॉर्कपैकी साधारण नव्वद टक्के घर्षणातच जातो, बोल्ट ताणायला जेमतेम दहा उरतात. गंजका आटा तो दहावा हिस्साही खातो, आणि कोरड्यासाठी दिलेल्या आकड्यावर ऑइल लावलं तर बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. म्हणून आटे ब्रशने साफ करा, आणि पुस्तकात सांगितलं असेल तरच आट्यांना आणि बोल्टच्या डोक्याखाली ऑइलचा हलका हात द्या.

एकक नीट वाचा. ११ किलो-मीटर म्हणजे १०८ न्यूटन-मीटर, म्हणजेच ८० फूट-पौंड. तो ८० न्यूटन-मीटर समजून लावला तर हेड चौथ्या हिश्श्याने सैल राहतं.

गॅसकेटची वरची बाजू वर ठेवा, बोल्ट हाताने बसवा, मग मधून बाहेर, पुस्तकातल्या क्रमाने, तीन फेऱ्यांत आवळा. शेवटचा आकडा ११० असेल तर ४०, ८०, ११०. मूठ खुणेवरच धरा, झटका न देता ओढा, आवाज आला की थांबा. दुसऱ्यांदा वाजवून खात्री करू नका. बोल्ट न हलताच आवाज आला तर तो बोल्ट थोडा सैल करून पुन्हा आवळा. शेवटची फेरी अंशांत दिली असेल तर तिथे टॉर्क पाना चालत नाही, कोनमापी लागतो. असे बोल्ट बहुधा पुन्हा वापरायचे नसतात.

टॅपेट सेट करा, इंजिन चालवून तापवा, पाणी आणि ऑइल बघा. काही जुन्या गॅसकेटना त्यानंतर पुन्हा आवळावं लागतं; पोलादी पत्र्यांच्या नव्यांना सहसा नाही. पुन्हा आवळायचं असेल तर पुस्तकातल्या रीतीनेच, आणि त्यानंतर टॅपेट परत तपासा. काम संपलं की पाना पट्टीवरच्या सर्वात लहान आकड्यावर आणून पेटीत ठेवा, त्याखाली फिरवू नका.