स्थानिक वृष्टी : ईरी सरोवर आणि रत्नागिरी जिल्हा

या घटकाच्या अभ्यासानंतर जवळजवळच्या दोन ठिकाणच्या वृष्टीत मोठा फरक का पडतो आणि तो जाणणे का आवश्यक आहे, हे तुम्हांला सांगता येईल.

सरोवरजन्य हिमवृष्टी

अमेरिकेतील बफेलो शहर ईरी सरोवराच्या पूर्व टोकाशी वसले आहे. हिवाळ्याच्या आरंभी सरोवराचे पाणी तुलनेने उबदार असते. त्यावरून अतिथंड वारे वाहू लागले की हवेचा तळचा थर तापतो, बाष्प घेऊन वर चढतो आणि ढगांचे अरुंद पट्टे तयार होतात. पट्टा जेथे स्थिरावतो, तेथेच बर्फाचे थर साचतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराच्या दक्षिणेकडील काही उपनगरांत पाच फुटांहून अधिक बर्फ पडला. उत्तरेकडे मात्र तो काही इंचच होता. सरोवर गोठल्यावर बाष्पाचा पुरवठा घटतो व ही वृष्टी मंदावते.

कोकणातील प्रतिरोध पर्जन्य

रत्नागिरीत बर्फ पडत नाही. तथापि जलाशयाने बाष्प पुरवावे आणि हवा वर चढून थंड व्हावी, हे सूत्र येथेही लागू पडते. फरक उचलणाऱ्या शक्तीत आहे. बफेलोत ते काम मुख्यतः पाण्याची उष्णता करते. कोकणात अरबी समुद्रावरून येणाऱ्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांना सह्याद्री अडवतो व वर चढवतो. म्हणूनच घाटमाथ्यावरील महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पलीकडे पर्जन्यछायेतील वाईस हजार मिलिमीटरही पडत नाही.

हा भेद का महत्त्वाचा?

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर वाशिष्ठीच्या पुरात बुडाले. शहरात पाऊस होताच. पण सह्याद्रीच्या उतारावरील अतिवृष्टीचे पाणीही याच नदीतून खाली येते, आणि समुद्राला भरती असल्यास त्याचा निचरा मंदावतो. यावरून ध्यानात घ्या : आपल्या अंगणातील पाऊस म्हणजे खोऱ्यातील पाऊस नव्हे. जिल्ह्याची सरासरीही हा भेद झाकून टाकते. नदीकाठच्या गावाला सावध करायचे तर उगमाकडील पर्जन्यमापकाची नोंद वेळेवर मिळाली पाहिजे.

स्वाध्याय

१. सरोवरजन्य हिमवृष्टी व प्रतिरोध पर्जन्य यांतील एक साम्य व एक भेद स्पष्ट करा.

२. तुमच्या गावाजवळील नदीचा उगम नकाशात शोधा. पुराची पूर्वसूचना मिळण्यासाठी पर्जन्यमापक कोठे असावा, ते सकारण लिहा.