धनुर्वात : नाव आणि निवारण

ज्या व्याधीत पाठीचे स्नायू ताठरून रुग्णाचे शरीर ताणलेल्या धनुष्यासारखे वाकते, तिला आपण धनुर्वात म्हणतो. आणि सुश्रुतसंहितेतील धनुःस्तंभाचे वर्णन पाहिले म्हणजे या नावामागील निरीक्षण किती प्राचीन आहे, याची खात्री पटते. आघातातून उद्भवणारा अपतानक, म्हणजे झटके आणणारा वातविकार, असाध्य होय, असा इशाराही त्याच ग्रंथात आहे.

परंतु वाचकहो, हे नाव रोग पुरता बळावल्यानंतरच्या अवस्थेवरून पडलेले असल्यामुळे, शरीर वाकलेले दिसेपर्यंत धनुर्वाताची शंका न घेणे घातक ठरते. बहुधा प्रथम जबडा आखडतो, दातखीळ बसते. मग घास गिळवेनासा होतो, मान व पोट ताठरते आणि किंचित आवाजाने वा स्पर्शानेही झटके येऊ लागतात. फेफऱ्याच्या मोठ्या झटक्यातही दातखीळ बसते, परंतु तेथे शुद्ध हरपते. धनुर्वाताचा रुग्ण मात्र सामान्यतः शुद्धीवर राहून सर्व यातना भोगतो.

नावातील ‘वात’ या पदावर विसंबून तेल चोळीत बसण्यातही हशील नाही. या रोगाचे मूळ माती व शेण यांत वास करणाऱ्या जंतूंत असून, किटासाटो या जपानी शास्त्रज्ञाने 1889 साली त्यांना प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले. प्राणवायू न पोहोचणाऱ्या खोल जखमेत ते वाढतात आणि त्यांचे विष मज्जातंतूंवर अंमल बसविते. म्हणून केवळ गंजलेल्या खिळ्यालाच भ्यावे असे नव्हे. बाभळीचा काटा, खुरप्याचा घाव, किंवा अस्वच्छ पात्याने कापलेली नवजात अर्भकाची नाळही तितकीच धोक्याची. लक्षणे सामान्यतः 3 ते 21 दिवसांत प्रकट होतात. तोवर मामुली जखम विस्मरणातही गेलेली असते.

जखम झाल्याबरोबर ती वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी. शेण, माती, राख, तंबाखू यांपैकी काहीही तीत भरू नये. लसीचा प्राथमिक क्रम पूर्ण झालेला असल्यास स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी शेवटच्या मात्रेनंतर 10 वर्षांनी, आणि मळलेल्या वा खोल जखमेसाठी 5 वर्षांनी पुन्हा मात्रा घ्यावी. ज्याने लस कधी घेतलीच नाही, त्याला मात्र मळलेल्या जखमेनंतर नुसते ‘धनुर्वाताचे इंजेक्शन’ पुरत नाही, कारण त्यातून प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास अवधी लागतो; अशा वेळी तयार प्रतिद्रव्यांचे निराळे इंजेक्शनही द्यावे लागते.

बालकांच्या मात्रा, दहाव्या व सोळाव्या वर्षांची लस आणि गर्भवतीचे लसीकरण यांत हयगय करू नये. रोग एकदा होऊन गेला तरी त्यापासून संरक्षण लाभत नाही. त्यातून बरे झालेल्यानेही लस घ्यावीच. प्रत्येक मात्रेची तारीख घरच्या दप्तरी नोंदवून ठेवावी, आणि जबडा आखडल्याचे जाणवताच तो बळाने उघडण्याचा खटाटोप न करता रुग्णाला विनाविलंब इस्पितळात न्यावे.