वस्तादचाचांचा खांदा

कोल्हापूर हे कुस्तीचे माहेरघर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. त्यांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ साली सुरू झाले. गंगावेस, मोतीबाग अशा तालमींची नावे आजही घरोघरी ठाऊक आहेत. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र ‘तालीम’ म्हणजे कुस्ती शिकण्याची जागा. उर्दूतला ‘उस्ताद’ मराठीत ‘वस्ताद’ झाला. अशाच एका तालमीतल्या वस्तादांची ही गोष्ट आहे. मुले त्यांना ‘वस्तादचाचा’ म्हणत.

वस्तादचाचांनी साठी ओलांडली होती. त्यांचा उजवा खांदा फार दुखू लागला. कुडता घालताना आणि केस विंचरताना त्रास होई. नमाजच्या वेळी डावा हात कानापर्यंत जाई, उजवा छातीपाशीच अडे. रात्री उजव्या कुशीवर झोपता येत नसे. “पैलवानाने दुखणे बोलून दाखवू नये,” असे म्हणून ते गप्प राहत. शेवटी त्यांनी तो हात हलवणेच सोडले. मग खांदा आणखी आखडला.

एके दिवशी त्यांचा मुलगा त्यांना सरकारी रुग्णालयात घेऊन गेला. डॉक्टरांनी खांदा तपासला, एक्स-रे काढला आणि विचारले, “चाचा, तरुणपणी इथे मार लागला होता का?”

“हो. एका कुस्तीत खांदा निखळला. दोस्तांनी ओढून बसवला. आठ दिवसांत मी पुन्हा आखाड्यात उतरलो. पुढे तो तीनदा निखळला.”

डॉक्टर म्हणाले, “दंडाच्या हाडाचे डोके चेंडूसारखे गोल असते. ते फऱ्याच्या खोबणीत बसते. ही खोबणी बशीसारखी उथळ असते. म्हणून खांदा सर्व बाजूंना फिरतो. पण म्हणूनच तो लवकर निखळतो. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. वारंवार दुखापत झाल्याने तुमची कूर्चा झिजली आहे. हाडावर हाड घासते, म्हणून दुखते. हा झिजेमुळे होणारा संधिवात आहे.”

“मग आता इलाज काय?”

“झिजलेली कूर्चा पूर्वीसारखी होत नाही. पण दुखणे कमी करता येते. जड वजन उचलू नका. गरम पाण्याच्या पिशवीने शेका. औषध माझ्या सल्ल्यानेच घ्या. कोणाकडूनही हात ओढून घेऊ नका आणि हात अगदी बांधूनही ठेवू नका. डावा हात टेबलावर टेकून पुढे वाका. उजवा हात सैल सोडा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हळूहळू झुलवा. फारच झीज झाली, तर शस्त्रक्रियेने कृत्रिम सांधा बसवता येतो. पण आधी हे करून पाहू.”

वस्तादचाचा रोज व्यायाम करू लागले. काही महिन्यांनी त्यांना शांत झोप लागू लागली. हात कानापर्यंत पोहोचला नाही, पण कुडता घालता येऊ लागला.

एका सकाळी तालमीत एक मुलगा खांद्यावर पडला. तो कळवळला. खांद्याचा आकार बदलला होता. दोन मुले त्याचा हात ओढायला धावली.

“थांबा! हात लावू नका!” वस्तादचाचा ओरडले. त्यांनी आपल्या उपरण्याची झोळी केली, मुलाचा हात होता तसाच गळ्यात अडकवला आणि त्याला तडक रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी खांदा नीट बसवला. त्यांची परवानगी मिळेपर्यंत वस्तादचाचांनी त्या मुलाला मातीत उतरू दिले नाही.

“चाचा, मी आता कमजोर झालो का?” मुलाने विचारले.

“नाही बेटा. मी दुखणे चाळीस वर्षे लपवले. तू एक दिवसही लपवू नकोस.”

शब्दार्थ
राजाश्रय – राजाचा आधार. निखळणे – जागेवरून सुटणे. फरा – खांद्यामागचे पसरट हाड. खोबणी – खोलगट जागा. कूर्चा – हाडाच्या टोकावरचा मऊ, गुळगुळीत थर. उपरणे – खांद्यावर घेण्याचे वस्त्र.

स्वाध्याय
१. खांदा लवकर का निखळतो?
२. डॉक्टरांनी वस्तादचाचांना कोणत्या सूचना दिल्या?
३. वस्तादचाचांनी मुलाचा हात ओढू का दिला नाही?
४. मराठीत आलेले पाच उर्दू शब्द लिहा.