खंडाने घे, विकत नको

वांद्रे (पूर्व)

चि. सचिन यास,


तुझं पत्र मिळालं. शेजारच्या तात्यांनी त्यांची 2 एकर विकायला काढली आहेत, एकरी 25 लाख म्हणतात, मी 10 लाख दिले तर उरलेलं कर्ज काढून तू ती घेशील, असं लिहिलं आहेस. पैसे द्यायला माझी ना नाही. पण ते जमीन विकत घेण्यात घालू नकोस. का ते नीट सांगते. बँकेच्या कृषी कर्ज विभागात माझी सारी नोकरी झाली, हे विषय माझ्या हाताखालून गेलेले आहेत.

तूच दिलेले आकडे घे. 40 लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी धरलं तरी पहिल्या वर्षाचं नुसतं व्याज 4 लाख. आणि तुमच्याकडे खंड एकरी 40 हजार, म्हणजे याच 2 एकरांचे वर्षाला 80 हजार. तीच माती, तीच विहीर, पीक तेवढंच. एका वाटेने 80 हजारांत कसायला मिळते, दुसऱ्या वाटेने 4 लाखांत. कांद्याचा भाव पडला तर खंड एका वर्षाचा बुडेल, कर्ज मात्र तुझी वडिलोपार्जित 4 एकरसुद्धा ओढून नेईल.

जमिनीचा भाव एवढा का, हे समजून घे. तो पिकातून आलेलाच नाही. रस्त्यात, वसाहतीत ज्यांची जमीन गेली त्यांच्या हाती एकदम पैसा येतो, आणि शहराजवळची शेतजमीन विकून 2 वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेतली तर आयकरात सवलत मिळते. तो पैसा तुमच्या निफाड-दिंडोरीपर्यंत जमीन शोधत येतो. त्याला कांद्याच्या उत्पन्नातून व्याज फेडायचं नसतं. तुला फेडायचं आहे. इथे वांद्र्यात हे शेवटापर्यंत झालेलं आहे. पाली, रनवार, चुईम ही भाताची गावं होती. 1915 च्या नगररचना कायद्यानंतर खाचरांचे प्लॉट पडत गेले, आणि एकदा जमिनीची किंमत भातापासून सुटली की भात पिकवणाऱ्याने जमीन विकत घेण्याचा प्रश्नच उरला नाही. निफाडचं वांद्रे झालेलं नाही, पण भाव त्याच दिशेला निघालाय.

तरीही रान वाढवायचं तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. 1970-71 मध्ये आपल्या राज्यात एका खातेदाराकडे सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती, 2015-16 मध्ये 1.34 हेक्टर. 4 एकरांवर ट्रॅक्टर, ब्लोअर, ठिबक यांचा खर्च बसत नाही. म्हणून तर तुमच्या गावातले 20-25 एकरवाले बागायतदार दोन-दोन एकरवाल्यांची रानं खंडाने करतात. पूर्वी मोठा द्यायचा आणि लहान कसायचा. आता पुष्कळ ठिकाणी उलट झालंय. खंडाच्या आकड्यावर त्या लोकांशी चढाओढ करू नकोस, हरशील. ते सगळी रक्कम पाडव्याला रोख मोजून देऊ शकतात.

तू दुसऱ्या गोष्टीवर जिंकू शकतोस. खंडाने दिलेलं रान कसं दिसतं ते पाहिलंयस ना? बांध फुटलेले, चारी बुजलेली, शेणखताची एक ट्रॉली नाही. कसणाऱ्याला पुढच्या वर्षी रान मिळेल याची खात्री नसते, आणि शेणखताचा गुण दोन-तीन वर्षं पुरतो, मग तो दुसऱ्यासाठी खत कशाला टाकेल? पाणी जास्त देऊन जमीन चोपण झाली तरी भोगायची मालकानेच. द्राक्षाचंही तसंच. डॉगरीजच्या खुंटावर कलम करून पहिलं धड पीक यायला दीड-दोन वर्षं, त्यावर अँगल-तारेचा खर्च. वर्षाच्या बोलीवर कोण बाग लावणार? म्हणून खंडाच्या रानात कांदा, सोयाबीन, टोमॅटो. मुदत जेवढी, पीक तेवढंच.

आणि मालक मुदत का देत नाही? कूळ लागेल म्हणून. ही भीती खुळी नाही. 1948 च्या कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 रोजी, कृषक दिनी, कसणारी कुळं मालक मानली गेली. ते न्यायाचं होतं, हे मी कुणापुढेही सांगेन. पण नंतर लागलेल्या कुळालाही जमीन विकत मागण्याची वाट कायद्यात राहिली, म्हणून आज दोन एकरवाली विधवासुद्धा कागद करायला घाबरते आणि दर साली माणूस बदलते. कागद नाही म्हणून कसणाऱ्याला पीककर्ज नाही, पीकविमा नाही, अतिवृष्टीची भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला. हक समितीने 2016 मध्ये नीती आयोगाला आदर्श भाडेपट्टा कायदा करून दिला, त्यात मालकाची मालकी पक्की आणि कसणाऱ्याला कर्ज-विमा, दोन्ही होतं. मध्य प्रदेशाने त्याच वर्षी आपला कायदा केलाही. आपल्याकडे तशा कायद्यासाठी थांबून तुझं चालणार नाही.

तेव्हा तात्यांकडे जा. त्यांना जमीन का विकायची आहे ते आधी विचार. मुलगा नाशिकला कंपनीत आहे आणि कसायला कुणी नाही, एवढंच असेल तर त्यांनाही विकायची गरज नाही. दवाखान्याची निकड असेल तर 2 वर्षांचा खंड आगाऊ दे, माझ्या पैशातून दे; अडलेल्या माणसाची जमीन पडत्या भावात घेऊन आपल्या घरात कुणाचं भलं झालेलं मला नकोय. करार 5 वर्षांचा माग, वकिलाकडून तपासून घे, नोंदणी कर. नुकसानभरपाई आली तर कोणाची किती, हे त्यातच लिहा. दर साली किती ट्रॉल्या शेणखत टाकशील तेही लिहून दे. मालकाला ते पैशाइतकंच दिसतं. सातबाऱ्यावर तात्यांच्या बहिणींची नावं असतील तर त्यांच्याही सह्या घे. नोंदणीला ते तयारच नसतील तर एक साल कांदा कर, खंड ठरल्या दिवशी पोचव, मग पुन्हा विचार.

आणि बहिणींचा विषय निघालाच आहे. आपल्या सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. दादाने हक्कसोडीचा कागद मागे दोनदा पुढे केला, मी सही केली नाही, आताही करणार नाही. पण माझा हिस्सा तू कसतोस याचा मला आनंद आहे, आणि तो तुला 10 वर्षांच्या लेखी कराराने द्यायची माझी तयारी आहे. खंड माफक घेईन, पण घेईन. गावात हा पहिला कागद घरातूनच होऊ दे, म्हणजे तात्यांपुढे ठेवायला तुझ्याकडे नमुना असेल.

उरलेल्या पैशात ठिबक आणि कांदाचाळ कर. चाळीचं अंदाजपत्रक पाठव. निफाडच्या दुय्यम निबंधकांकडे सहीला मी स्वतः येईन. दिवाळीनंतरची एखादी तारीख बघून कळव. वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या