आईवर प्रयोग?

प्रश्न : आईला (५८) स्तनाचा कर्करोग आहे. डॉक्टर नव्या औषधाच्या चाचणीत नाव घालू का, विचारतात. चिठ्ठ्या टाकून औषध ठरणार म्हणे! हा प्रयोगच ना?

उत्तर : हो, प्रयोगच. तो शब्द डॉक्टरांनीही टाळू नये. पण चिठ्ठ्यांचा अर्थ ‘एकीला औषध, दुसरीला पाणी’ असा नसतो. कर्करोगाच्या चाचण्यांत सहसा एका गटाला प्रचलित उपचार मिळतात; दुसऱ्याला त्यात नव्याची भर किंवा त्याऐवजी नवे. कोण कोणत्या गटात, एवढेच चिठ्ठीवर ठरते. निवड डॉक्टरांवर सोडली, तर ते नकळत ठणठणीत रुग्णांनाच नवे औषध देतील आणि श्रेय औषधाला जाईल.

टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने झालेली चाचणी बघा. शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे आपले भुलीचे साधे इंजेक्शन, निम्म्या बायकांना दिले. शस्त्रक्रिया सगळ्यांचीच झाली. २०२३मध्ये निष्कर्ष छापून आले : पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. १,५८३ बायकांची नोंद नसती, तर हा फरक दिसलाच नसता.

संमतीपत्र घरी आणा, मराठीतलेच मागा. सीटीआरआयचा (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी विचारा. औषध-चाचण्यांच्या २०१९च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत, शिवाय भरपाई. रक्ताचा नमुना केवळ ‘औषध कोणाला लागू पडेल’ या अंदाजासाठी घेणार असतील, तर आईला त्याचा थेट फायदा बहुधा नाही, हेही स्पष्ट विचारून घ्या. मधूनच बाहेर पडता येते. नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

आणि सही आईची. तुमची नव्हे.