बॅटरी घेताना मापाचा हिशेब

एका व्यापाऱ्याने कापडाचा भाव वारावर सांगितला आणि दुसऱ्याने मीटरवर, तर आपला दुकानदार आधी दोन्ही भाव एका मापात आणतो, मगच सौदा ठरवतो. बॅटरी घेताना मात्र हाच दुकानदार वेष्टनावरचा मोठा आकडा पाहून पैसे मोजतो. वीज गेली की शिलाईचे, जरीचे काम थांबते. म्हणून इन्व्हर्टर घ्यावाच लागतो. तेव्हा हे माप एकदा नीट समजून घ्यावे.

विद्युतभाराचे मूळ एकक कूलोम. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल कूलोम (१७३६-१८०६) यांच्यावरून हे नाव पडले. तारेतून १ अँपिअर प्रवाह १ सेकंद वाहिला, की १ कूलोम भार पुढे जातो. अँपिअर म्हणजे नळाची धार, तर कूलोम म्हणजे बादलीत जमलेले पाणी.

बॅटरीच्या हिशेबाला कूलोम फार लहान पडतो. म्हणून बाजारात अँपिअर-तास (एएच) हे माप चालते. तासाचे सेकंद ३,६००. म्हणून १ एएच म्हणजे ३,६०० कूलोम. त्याचा हजारावा भाग मिलीअँपिअर-तास (एमएएच), म्हणजे ३.६ कूलोम.

रूपांतर असे करावे :

१) एएचचे कूलोम : ३,६०० ने गुणावे. १५० एएच = ५,४०,००० कूलोम.
२) कूलोमचे एएच : ३,६०० ने भागावे.
३) एमएएचचे एएच : १,००० ने भागावे. १०,००० एमएएच = १० एएच.

येथे एक चूक नेहमी होते. एएच हे भाराचे माप आहे, ऊर्जेचे नव्हे. ऊर्जा काढायला एएचला व्होल्टने गुणावे. १२ व्होल्ट, १५० एएच म्हणजे १,८०० वॉट-तास, अर्थात वीजबिलावरचे १.८ युनिट. २४ व्होल्ट, ७५ एएच बॅटरीचेही तेवढेच होतात. आकडा निम्मा दिसला म्हणून माल निम्मा नसतो.

मोबाइलचे सामान विकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतील आकडा बहुधा आतील ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. म्हणजे ३७ वॉट-तास. बाहेर ती ५ व्होल्टने वीज देते, तेव्हा तोच हिशेब ७,४०० एमएएचवर येतो. त्यातूनही काही भाग उष्णतेत जातो. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगितले तर नंतर तक्रार येत नाही.

आता कारखान्याचा हिशेब पाहू. २० वॉटचे पाच दिवे आणि ७५ वॉटचे दोन पंखे मिळून २५० वॉट. १,८०० ला २५० ने भागले, तर कागदावर सात तास येतात. पण इन्व्हर्टरमध्ये घट होते, शिवाय बॅटरी पूर्ण रिकामी केल्यास तिचे आयुष्य कमी होते. त्यामुळे साधारण निम्मा वेळच धरून चालावे.

आणखी एक गोष्ट. बॅटरीवर सी-२० लिहिले असेल, तर १५० एएच हा आकडा २० तासांत, ७.५ अँपिअरने सावकाश वापरल्याचा असतो. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून जास्त प्रवाह घेतला की एकूण भार कमी मिळतो. सी-१० असेल, तर हिशेब १० तासांचा.

तात्पर्य, भाव विचारण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : एएच किती, व्होल्ट किती आणि हिशेब किती तासांचा. तिन्ही उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत.