पंक्तिप्रपंच नको

सातारा

चि. सायली हिस,


तू पाठवलेली सराव परीक्षेची उत्तरं काल नीट बसून पाहिली. गणित आणि बुद्धिमापन यांबाबत मी तुला काही सांगावं अशी गरज नाही. इंग्रजीत मात्र एकाच जातीचे प्रश्न तू पुन्हा पुन्हा चुकवले आहेस, ते पॅरेललिझमचे. फोनवर तू म्हणालीस, "मामा, नियम पाठ आहे, तरी उत्तर चुकतं." नियम तुला येतो, यात मला शंका नाही. तो लावताना सुरुवात कुठून करायची, तेवढंच राहिलं आहे. त्यासाठी हे पत्र.

कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात 60 मिनिटांत 100 प्रश्न असतात, त्यांतले 25 इंग्रजीचे. बरोबर उत्तराला 2 गुण, चुकलं की अर्धा गुण वजा. दुसऱ्या टप्प्यात इंग्रजीचे 45 प्रश्न, प्रत्येकी 3 गुणांचे, आणि चुकीला 1 गुण वजा. म्हणजे अंदाजाने ठोकून दिलेलं उत्तर महागात पडतं, आणि एका वाक्यावर रेंगाळायलाही वेळ नसतो. पद्धत छोटी हवी आणि हाताखालची हवी.

आधी नियम थोडक्यात. पंगतीत पंक्तिप्रपंच करू नये म्हणतात ना, तसंच हे आहे. वाक्यात ज्या गोष्टी एका रांगेत बसवल्या, त्यांना व्याकरणाने सारखंच वाढायचं. 'शी लाइक्स रीडिंग, पेंटिंग अँड टू स्विम' यात पहिल्या दोघी एका प्रकारच्या आणि तिसरी वेगळी. 'स्विमिंग' केलं की रांग सरळ. मराठीत "मला वाचायला, लिहायला आणि पोहणं आवडतं" असं कुणी म्हणालं तर तू लगेच थबकशील. तोच कान इंग्रजीत तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून तोवर पद्धतीचा आधार घ्यायचा.

पद्धत अशी. वाक्यात 'अँड', 'ऑर', 'बट', 'दॅन' दिसला की तिथे थांब. त्याच्या लगेच पुढे काय आहे ते बघ: नाम, विशेषण, क्रियापद की 'टू'वालं रूप? मग मागे फिर आणि त्याचा जोडीदार शोध. नेहमी उजवीकडून डावीकडे. कारण उजवीकडचा जोडीदार जोडशब्दाला चिकटून बसलेला असतो, तो हमखास सापडतो. डावीकडचा चार शब्द मागे असेल नाहीतर दहा, आणि नेमकी तिथेच फसगत होते.

तू चुकवलेलंच एक वाक्य घेऊ. 'शी बॉट पेन्स, नोटबुक्स अँड वेंट होम.' तू 'नो एरर' निवडलंस. आता 'अँड'पाशी थांब. पुढे 'वेंट', म्हणजे क्रियापद. मागे फिर: 'नोटबुक्स' नाम, 'पेन्स' नाम, त्यांच्याही मागे 'बॉट'. म्हणजे 'वेंट'चा जोडीदार 'बॉट'. मग 'पेन्स' आणि 'नोटबुक्स' यांना जोडणारा 'अँड' कुठे आहे? नाहीच. दोन नामं आणि एक क्रियापद अशी तिघांची खोटी रांग झाली. खरं वाक्य 'शी बॉट पेन्स अँड नोटबुक्स अँड वेंट होम'. दोन 'अँड' आले म्हणून बिचकू नकोस. दोन वेगळ्या जोड्या आहेत, प्रत्येकीला आपापला 'अँड' हवा.

जोडीने येणाऱ्या शब्दांना हीच पद्धत लागते. 'ही नॉट ओन्ली प्लेज क्रिकेट बट ऑल्सो फुटबॉल' असं बोलताना सर्रास ऐकू येतं, पण परीक्षेत ते चुकीचं धरतात. 'बट ऑल्सो'च्या पुढे नाम आहे आणि 'नॉट ओन्ली'च्या पुढे क्रियापद. 'प्लेज' उचलून 'नॉट ओन्ली'च्या आधी ठेवलं की दोन्हीकडे नाम येतं. 'आयदर-ऑर', 'नायदर-नॉर', 'बोथ-अँड' या सगळ्यांत दोन्ही शब्दांच्या लगेच पुढे काय आहे, एवढंच तपासायचं.

तुलनेच्या वाक्यात चूक अर्थामध्ये लपलेली असते. 'द क्लायमेट ऑफ महाबळेश्वर इज कूलर दॅन सातारा.' वाचताना काहीच खटकत नाही. पण 'दॅन'च्या पुढे गाव आहे आणि मागे हवा. हवेची तुलना हवेशीच व्हायला हवी, म्हणून 'दॅन दॅट ऑफ सातारा'. अनेकवचन असेल तर 'दोज ऑफ'.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण नियम पाठ असूनही तुझे गुण इथेच गेले आहेत. तू शब्दांची शेपटं जुळवत बसतेस. सगळीकडे 'आयएनजी' दिसलं की खूश, एकीकडेच दिसलं की चूक. 'द टीचर वॉज पेशंट, इन्करेजिंग अँड काइंड' या वाक्यात तू 'इन्करेजिंग'वर खूण केलीस. पण तिन्ही विशेषणं आहेत आणि तिन्ही शिक्षकाचंच वर्णन करतात. रूप वेगळं दिसलं तरी काम एकच, म्हणून वाक्य बरोबर. तसंच 'ही वॉज बॉर्न इन वाई, वर्क्स इन नाशिक अँड विल सून मूव्ह टू नागपूर'. तीन काळ आहेत म्हणून तू ते चुकीचं ठरवलंस. अगं, माणूस जन्मला मागे, नोकरी करतो आज, बदली व्हायची आहे पुढे. काळ अर्थाप्रमाणेच बदलले. तिन्ही क्रियापदं एकाच कर्त्याची आहेत, तेवढं पुरे. जोडीदारांचं काम सारखं हवं, चेहरा सारखा असायलाच हवा असं नाही.

सरावासाठी नवं पुस्तक आणू नकोस. राज्यशास्त्रासाठी तू संविधानाची उद्देशिका पाठ केलीच आहेस. तीच इंग्रजीत समोर ठेव आणि पेन्सिल घे. 26 नोव्हेंबर 1949 रोजी स्वीकारलेला हा मजकूर म्हणजे एकच लांबलचक वाक्य आहे, आणि ते जोड्यांवरच तोललेलं आहे. संकल्प कशाचा, हे सांगणारी तीन क्रियापदं शोध: 'कॉन्स्टिट्यूट', 'सिक्युअर', 'प्रमोट'. तिन्हींच्या आधी 'टू' आहे. मग 'लिबर्टी'पाशी ये. तिथे 'ऑफ' एकदाच येतो आणि त्याच्यापुढे पाच नामं ओळीने. पुढच्याच 'इक्वालिटी'पाशी मात्र 'ऑफ' दोन्ही नामांच्या आधी येतो. दोन्ही रचना बरोबर आहेत. प्रिपोझिशन एकदाच सुरुवातीला द्यायचं, नाहीतर प्रत्येकाला द्यायचं; दोघांना दिलं आणि तिसऱ्याला विसरलो, असं चालत नाही. 'टू'चंही तेच. शेवटी 'अडॉप्ट', 'इनॅक्ट' आणि 'गिव्ह' ही तीन साधी क्रियापदं एका 'डू'वर पेलली आहेत. एवढा अभ्यास एकदा मन लावून केलास, तर 'टू रीड, राइट अँड टू स्पीक' यातलं लंगडेपण तुला कुणी दाखवावं लागणार नाही.

त्यानंतर रोज अग्रलेखातली पाच लांब वाक्यं घे. जोडशब्दाला गोल कर, दोन्ही जोडीदारांखाली रेघ मार, आणि त्यांचं काम एका शब्दात समासात लिही. पहिले काही दिवस कंटाळा येईल, तरी लिहायचं सोडू नकोस. हाताला सवय झाली की परीक्षेत डोळा आपोआप तिथे जातो.

पर्याय निवडताना एक सावधगिरी. रचना सुबक करून अर्थ बदलणारा किंवा कर्ता-क्रियापदाचा मेळ बिघडवणारा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो. रांग जुळली म्हणून लगेच टिक करू नकोस. निवडलेल्या पर्यायासह वाक्य एकदा पूर्ण वाच.

आणि हे फक्त परीक्षेपुरतं समजू नकोस. उद्या नोकरीत टिपणी लिहिशील, एखाद्याच्या अर्जावर शेरा मारशील, नियम समजावणारं पत्र काढशील. त्यात चार अटी असतील आणि चारही एका साच्यात लिहिल्या असतील, तर खेडेगावातून आलेल्या माणसालाही त्या एका वाचनात कळतील. रचना विसकटली की त्याला पुन्हा हेलपाटा घालावा लागतो. स्वच्छ वाक्य लिहिणं हे वाचणाऱ्याला दिलेला मान आहे, असं मी मनापासून मानतो आणि तूही मानावंस असं वाटतं.

चुकलेले प्रश्न या पद्धतीने पुन्हा सोडव आणि प्रत्येक उत्तरापुढे जोडीदारांची नावं लिहून मला पाठव. नुसतं अ, ब, क, ड पाठवू नकोस, ते मी तपासणार नाही. अभ्यासिकेतून वेळेवर निघत जा, रात्रीचं जेवण चुकवू नकोस. मामीने लाडू करून ठेवले आहेत, रविवारी येणाऱ्याबरोबर पाठवतो.

तुझा,
मामा